जुने गोवे आणि से कॅथेड्रल पायी कसे पाहावे: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

जुन्या गोव्याला जाणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांचा दिवस ठरलेला असतो. सकाळी मंगेशी आणि शांतादुर्गा, परतताना दुपारी बाराच्या सुमारास जुने गोवे, संध्याकाळी समुद्रकिनारा. गाडीवाला दोन मोठ्या चर्चच्या मधल्या रस्त्यावर उतरवतो आणि म्हणतो, "अर्धा तास." त्या अर्ध्या तासात बॉम जेझू चर्चची रांग, तिथे संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष ठेवलेल्या चांदीच्या पेटीकडे एक नजर, हिरवळीवर एक फोटो, आणि से कॅथेड्रलच्या दारातून डोकावून परत. एवढे करून लोक सांगतात की जुने गोवे पाहून झाले.

या ठिकाणाला एक पूर्ण दिवस लागतो, आणि तो दिवस योग्य क्रमाने घालवावा लागतो. क्रम ठरतो तो इमारतींच्या दिशांवरून. से कॅथेड्रलचे तोंड पूर्वेला आहे. बॉम जेझू आणि संत फ्रान्सिस असिसीचे चर्च पश्चिमाभिमुख आहेत. म्हणजे सकाळी ऊन कॅथेड्रलच्या तोंडावर असते आणि दुपारनंतर उरलेल्या दोघांवर. मधल्या कडक उन्हात छपराखाली राहायला संग्रहालय आहे. टेकडीवरचे अवशेष उघड्यावर असल्याने ते शेवटी. पुढचा सगळा आराखडा याच आधारावर आहे.

## निघण्यापूर्वी: वार, ऋतू, कपडे

वार. शुक्रवारी जाऊ नका. पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते आणि मग दुपारचा सगळा बेत कोलमडतो. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थनाविधी, असतात, त्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत किंवा सोडले तरी फिरता येत नाही. रविवारशिवाय पर्यायच नसेल तर क्रम उलटा करा: टेकडी आधी आणि कॅथेड्रल साडेदहा-अकरानंतर. सर्वांत सोयीचे म्हणजे मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार.

तारखा. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, म्हणजे सण, असते. त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना, चालते. या दहा दिवसांत लाखो भाविक येतात, वाहने लांब अडवतात, आणि इमारती पाहण्याचा विचारही करू नये. 'गोंयच्या सायबा'च्या भक्तीसाठी जायचे असेल तर अवश्य जा, फक्त हा लेख त्या दिवसांसाठी नाही. दर दहा वर्षांनी झेवियरच्या पवित्र अवशेषांचे जाहीर दर्शन असते. मागचे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. त्या काळात पेटी बॉम जेझूमधून से कॅथेड्रलमध्ये आणतात आणि संपूर्ण परिसराची वाहतूक बदलते. गुड फ्रायडे आणि नाताळच्या दिवशीही इमारती पाहण्याचा बेत नको.

ऋतू. पाऊस ओसरल्यानंतर, ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी साडेदहानंतर उघड्यावर चालणे कठीण होते. जून ते सप्टेंबर गर्दी नसते, हिरवळ सुंदर असते, पण जांभ्यावर शेवाळ धरते आणि टेकडीवरचे अवशेष घसरडे होतात. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर पावसाळ्यात टेकडीचा टप्पा वगळाच.

कपडे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. हा नियम पुरुषांनाही लागू आहे. अर्ध्या चड्डीवर थेट किनाऱ्यावरून आलेल्यांना दारात अडवतात. पिशवीत एक मोठी ओढणी किंवा पातळ शाल ठेवा.

पायांत. रबरी तळव्याचे बूट. चर्चमध्ये पादत्राणे काढायची नसतात. देवळाच्या सवयीने अनेक जण दारात चपला काढून ठेवतात आणि नंतर तापलेल्या दगडावरून अनवाणी चालतात. काढायची असते ती टोपी. पुरुषांनी आत शिरताना टोपी हातात घ्यावी.

पिशवीत. माणशी दीड लिटर पाणी, टोपी, सुटे पैसे, आणि घरी असेल तर छोटी दुर्बीण. दुर्बीण ही चैन वाटेल, पण कॅथेड्रलच्या मुख्य वेदीवरचे कोरीव पट इतके उंच आहेत की नुसत्या डोळ्यांना तिथे फक्त सोनेरी रंग दिसतो. दुर्बीण नसेल तर मोबाईलचा झूम चालेल. ट्रायपॉड आणू नका, त्याला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ड्रोनचा तर प्रश्नच नाही.

> तपासा: वार शुक्रवार किंवा रविवार नाही, नोव्हेना चालू नाही, सामान मुक्कामी ठेवले आहे. या तिन्हींना "हो" म्हणता आले तरच निघा. सुटकेस ओढत जुने गोवे पाहता येत नाही.

## टप्पा १: पोहोचणे (सकाळी ८ ते ८.३०)

पणजीपासून अंतर साधारण ९ ते १० किलोमीटर. पणजीच्या कदंब बसस्थानकावरून जुने गोवे आणि फोंड्याकडे जाणाऱ्या बस सतत असतात. रायबंदरमार्गे जाणारी बस मिळाली तर मांडवीच्या काठाकाठाने जाता येते. वेळ थोडा जास्त लागतो. कंडक्टरला "गांधी सर्कल" सांगा.

रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्थानक सर्वांत जवळ, सुमारे दोन किलोमीटर. कोकण रेल्वेने मुंबईहून येणारे बरेच जण थेट मडगावला उतरतात आणि मग तीसेक किलोमीटर मागे येतात. तुमची गाडी करमळीला थांबते का ते तिकीट काढतानाच पाहा. स्थानकाबाहेर रिक्षा किंवा 'पायलट', म्हणजे गोव्यातली मोटारसायकल-टॅक्सी, मिळते. भाडे बसण्याआधी ठरवा.

स्वतःची गाडी असेल तर ती एकदा वाहनतळावर लावा आणि टेकडीच्या टप्प्यापर्यंत हलवू नका. प्रत्येक इमारतीपाशी गाडी नेण्याच्या नादात लोकांचा तासभर नुसता वळणे घेण्यात आणि जागा शोधण्यात जातो. खालच्या भागातल्या सगळ्या इमारती एकमेकींपासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर आहेत.

## टप्पा २: नदीपासून सुरुवात (८.३० ते ९.१५)

गांधी सर्कलला उतरल्यावर समोरच्या मोठ्या चर्चकडे वळू नका. आधी उत्तरेला, उताराने, फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत चालत जा. वाटेतले काहीही पाहायला थांबू नका, ते परतताना पाहायचे आहे. धक्क्यावर पोहोचलात की मागे वळा. आता तुम्ही शहरात शिरत आहात, आणि शिरायची मूळ बाजू हीच. हे शहर नदीकडे तोंड करून वसले होते. महामार्गावरून आलेला माणूस त्याच्या मधोमध उतरतो, म्हणून त्याला इमारतींचा एकमेकींशी संबंध लागत नाही.

व्हाइसरॉयची कमान. नदीकडच्या बाजूला उभे राहून वर पाहा. कोनाड्यात वास्को द गामाचा पुतळा आहे. मग कमानीखालून जाऊन शहराकडची बाजू पाहा, तिथे वेगळा पुतळा आहे. बहुतेक जण एकच बाजू पाहतात. ही कमान १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली आहे, त्यामुळे प्रत्येक दगड मूळचा समजू नका.

> सावध: कमानीखालून फेरीबोटीची वाहने जातात. फेरी लागली की एकदम दुचाकींचा लोंढा येतो. फोटोसाठी मागे मागे सरकत रस्त्याच्या मधोमध जाऊ नका.

संत कायतान चर्च. कमानीतून वर येताना डाव्या हाताला. बाहेरून घुमट नीट दिसत नाही, तो आत जाऊन पाहायचा. घुमटाच्या बरोबर खाली जमिनीत एक झाकलेली विहीर आहे. तिच्यापाशी उभे राहून वर पाहिले की इमारतीची मापे कळतात. अर्धा तास पुरे.

आदिलशाही महालाचे दार. कायतान चर्चच्या पुढ्यात, रस्त्याजवळ, पायऱ्यांवर काळ्या दगडाची एक चौकट एकटीच उभी आहे. आजूबाजूला भिंत नाही, छप्पर नाही, आणि म्हणूनच शंभरातले नव्वद लोक तिच्या शेजारून निघून जातात. पोर्तुगीजपूर्व शहराची इथे पायी चालताना सहज दिसणारी खूण हीच. खांबांवरचे कोरीव काम जवळून पाहा. देवळांच्या चौकटी पाहून तयार झालेल्या मराठी नजरेला त्यातले बरेच काही ओळखीचे वाटेल.

## टप्पा ३: से कॅथेड्रल (९.१५ ते १०.४५)

आता रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, उजवीकडे, कॅथेड्रल. नदीकडून आल्यामुळे तुम्ही त्याच्या तोंडासमोर येता आणि सकाळचे ऊन त्यावर असते. दीड तास राखून ठेवा. आशियातल्या सर्वांत मोठ्या चर्चपैकी हे एक आहे आणि घाईत पाहिले तर नुसती मोठी पांढरी इमारत एवढेच लक्षात राहते.

३.१ बाहेरून, लांबून. हिरवळीवर दर्शनी भागापासून साठ-सत्तर पावले मागे उभे राहा. डावीकडे मनोरा आहे, उजवीकडे नाही. उजवा, म्हणजे उत्तरेकडचा मनोरा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला नाही. इमारत एका बाजूला कललेली वाटते ती त्यामुळे. उरलेल्या मनोऱ्यात 'सोन्याची घंटा' आहे. सोन्याची म्हणतात ती तिच्या नादामुळे. मनोऱ्यावर चढायला परवानगी नसते, विचारण्यात वेळ घालवू नका.

मापे लक्षात ठेवा: लांबी सुमारे ७६ मीटर, रुंदी ५५, दर्शनी भागाची उंची ३५ मीटरच्या आसपास. बांधकाम जांभ्याचे, वर चुन्याचा गिलावा. हा गिलावा आत्ता नीट पाहून ठेवा. दुपारी बॉम जेझूपाशी त्याचा उपयोग होणार आहे.

३.२ बाजूने. दारात शिरण्याआधी एका बाजूने थोडे चालत जा. बाहेरून इमारत सरळ लांबट चौकोनी दिसते. आत गेल्यावर मात्र तिची आखणी क्रुसाच्या आकाराची आहे. बाहेरचा चौकोन पाहून ठेवला नसेल तर आतला क्रूस लक्षात येत नाही. पाच मिनिटांचे काम आहे, आणि जवळजवळ कोणीच करत नाही.

३.३ दारात. तीन दारे आहेत. मधल्या दारावर लॅटिन शिलालेख आहे. बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले आणि मुख्य इमारत १६१९ मध्ये पुरी झाली. वेद्यांचे काम त्यानंतरही बरीच वर्षे चालले होते. टोपी काढा, मोबाईल मूक करा.

३.४ शिरताच थांबा. सगळे जण तडक समोरच्या सोनेरी वेदीकडे निघतात. तुम्ही आधी उजवीकडे वळा. तिथे बाप्तिस्म्याचे दगडी कुंड आहे, १५३२ सालचे. ही इमारत सुरू होण्याच्या तीस वर्षे आधीचे! संत फ्रान्सिस झेवियरने ते वापरले असे मानतात. जवळच संत ख्रिस्तोफरचे मोठे चित्र आहे, खांद्यावर बालक घेऊन नदी ओलांडणारा. नदीकाठच्या शहरात तो दाराशीच असावा हे अगदी योग्य.

३.५ मध्यावर बसा. मधल्या दालनात, साधारण निम्म्या अंतरावर, बाकावर दहा मिनिटे बसा. वर पाहा: मधल्या दालनाचे छत अर्धगोल, बाजूच्या दालनांवर कमानींच्या कडा असलेले. मग खांब पाहा. बाहेरची शैली साधी, टस्कन. आतले खांब नक्षीदार, कोरिंथियन. बाहेरचा कोरडेपणा आणि आतली श्रीमंती यातला फरक बसल्यावरच जाणवतो.

३.६ बाजूची प्रार्थनामंदिरे. दोन्ही बाजूंना चार-चार. एका बाजूने वेदीकडे जा आणि दुसऱ्या बाजूने परत या, म्हणजे एकही सुटत नाही. दोन ठिकाणी दारांवर लाकडी जाळीचे पडदे आहेत. त्या जाळीचे काम जवळून पाहण्यासारखे आहे, हात न लावता. चमत्काराच्या क्रुसाचे आणि पवित्र साक्रामेंताचे अशी दोन प्रार्थनामंदिरे भाविक विशेष मानतात. तिथे लोक गुडघे टेकून बसलेले असतात. फोटो काढू नका, बोलू नका, समोरून आडवे जाऊ नका.

३.७ मुख्य वेदी. कॅथेड्रल अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनला अर्पण केलेले आहे, कारण पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने शहर जिंकले तो २५ नोव्हेंबर १५१० हा तिच्या सणाचा दिवस होता. वेदीमागच्या भव्य सोनेरी चौकटीत तिच्या आयुष्यातले आणि हौतात्म्याचे प्रसंग लाकडात कोरलेले आहेत. दुर्बीण आता काढा. तिच्या खुणा दोन: चाक आणि तलवार. त्या सापडल्या की प्रसंग आपोआप लागत जातात. वेदीपुढच्या कठड्याच्या आत पाऊल टाकू नका.

> सावध: मिस्सा सुरू झाली तर एक तर बाहेर थांबा किंवा सर्वांत मागच्या बाकावर शांत बसा. मिस्सेच्या शेवटाकडे लोक पवित्र भाकर घ्यायला रांगेत उभे राहतात. तो प्रसाद समजून बरेच पर्यटक रांगेत शिरतात. ख्रिस्ती श्रद्धेत त्या क्षणाला फार मोठा अर्थ आहे आणि ती भाकर दीक्षित कॅथलिकांसाठीच असते. जागेवरच बसून राहा. फुले, नारळ, अगरबत्ती नेऊ नका.

> तपासा: कुंड पाहिले, बाहेरचा चौकोन आणि आतला क्रूस लक्षात आला, वेदीवर चाक सापडले? मगच पुढे.

## टप्पा ४: असिसी चर्च, संग्रहालय, कॅथरीनचे छोटे मंदिर (१०.४५ ते १.००)

इथे एक गोंधळ आधी मिटवू या. संत फ्रान्सिस दोन आहेत. असिसीचे संत फ्रान्सिस इटलीतले, फ्रान्सिस्कन संघाचे संस्थापक. संत फ्रान्सिस झेवियर हे जेझुइट संघाचे धर्मप्रसारक, त्यांचे पार्थिव अवशेष रस्त्यापलीकडच्या बॉम जेझूमध्ये आहेत. पाटीवर "संत फ्रान्सिस" वाचून लोक या चर्चमध्ये पेटी शोधत फिरतात.

चर्च कॅथेड्रलच्या मागे, पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून वळसा घालून जावे लागते. दार पाहून घ्या. आजचे चर्च १६६१ चे, पण दाराची चौकट त्याआधीच्या चर्चची, मान्युएल या जुन्या पोर्तुगीज शैलीतली ठेवलेली आहे. आत मात्र खाली पाहा. जमीन थडग्यांच्या कोरीव दगडांनी भरलेली आहे, त्यांवर घराण्यांची चिन्हे आहेत. दगड झिजत आहेत, शक्य तितके बाजूने चाला.

शेजारच्या मठात पुरातत्त्व संग्रहालय आहे. तिकीट आहे, रक्कम किरकोळ. दुपारच्या उन्हाचा वेळ इथे घालवायचा. दोन गोष्टींना प्राधान्य द्या. पहिली, पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची ओळीने लावलेली चित्रे. प्रत्येक नाव वाचायची गरज नाही. ओळीने चालत कपडे, शस्त्रे आणि हातांची ठेवण कशी बदलत गेली ते पाहा. दुसरी, कदंबकालीन शिल्पे आणि वीरगळ. मराठी पर्यटक व्हाइसरॉयांपाशी दमून जातात आणि वीरगळांपाशी पोहोचतच नाहीत. आधी शिल्पे पाहा, मग चित्रे.

बाहेर पडल्यावर पश्चिमेला थोड्या अंतरावर संत कॅथरीनचे छोटे प्रार्थनामंदिर. दहा मिनिटे. त्याला कॅथेड्रल समजू नका. दोन्ही एकाच संताची आहेत, म्हणून नकाशात घोटाळा होतो.

## जेवण (१.०० ते २.००)

रस्त्याच्या कडेला साधी उपाहारगृहे आहेत. फार पर्याय नाहीत. शाकाहारी काटेकोर असाल तर डबा आणा. हिरवळीवर बसून खाऊ नका, परिसर संरक्षित आहे आणि कचरा तिथेच राहतो. पाण्याच्या बाटल्या इथे पुन्हा भरून घ्या, टेकडीवर भरवशाची सोय धरू नका.

## टप्पा ५: बॉम जेझू (२.०० ते ३.००)

आता ऊन पश्चिमेकडे कलले आहे आणि दर्शनी भागावर आले आहे. सकाळी कॅथेड्रलवर पाहिलेला चुन्याचा गिलावा आठवा. इथे तो नाही, लालसर-काळा जांभा उघडा आहे. हे मूळ रूप नव्हे. १९५० च्या दशकात गिलावा खरवडून काढला गेला. जांभा सच्छिद्र असतो, पाणी शोषतो. कोकणात जांभ्याचे घर ज्यांनी बांधले आहे त्यांना हे सांगायला नको. गोव्याच्या पावसात उघडा जांभा दरवर्षी झिजतो. अनेकांना हा रांगडा रंग आवडतो, फोटोतही तो छान येतो, पण इमारतीच्या दृष्टीने ते मोठे नुकसान आहे. भिंतीला टेकू नका, दगड खरवडू नका, मुलांनाही सांगा.

दर्शनी भागात जांभ्याखेरीज काळा दगडही आहे. कोरीव कामासाठी तो वसईहून आणला होता. सर्वांत वर तीन अक्षरांचे जेझुइट चिन्ह शोधा.

आत मुख्य वेदीच्या उजव्या हाताला झेवियरांची समाधी. चांदीची पेटी गोव्यातल्या सोनारांनी सतराव्या शतकात घडवलेली. खालचा संगमरवरी चौथरा फ्लोरेन्सच्या फोजिनी या शिल्पकाराचा, तस्कनीच्या तिसऱ्या कोझिमो द मेदिचीने दिलेला, १६९८ मध्ये इथे बसवलेला. पेटी खूप उंचावर आहे. सगळे मान वर करून पेटीकडे पाहतात आणि रांग पुढे सरकते. चौथऱ्यावरचे ब्राँझचे पट मात्र सुटतात. आधी ते पाहा, त्यांत झेवियरांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. मग पेटी.

> सावध: पेटीकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढू देत नाहीत. रक्षकाशी वाद घालू नका. बाहेर मेणबत्त्या विकणारे मागे लागतात. हवी असेल तर घ्या, नको असेल तर एकदाच स्पष्ट "नको" म्हणा. वाटाड्या घ्यायचा असेल तर आधी सरकारी ओळखपत्र पाहा आणि दर ठरवा.

## टप्पा ६: टेकडी (३.०० ते ५.३०)

बॉम जेझूच्या पश्चिमेला चढण आहे. पायी दहा-पंधरा मिनिटे. गुडघे दुखत असतील तर आता गाडी वापरा, वरपर्यंत रस्ता आहे.

आधी सांता मोनिका मठातले ख्रिस्ती कला संग्रहालय. हे आधी, कारण त्याचे दार अवशेषांपेक्षा लवकर बंद होते. साप्ताहिक सुट्टी आणि वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा. हस्तिदंत, चांदी आणि लाकडातल्या मूर्ती पाहताना देवदूतांचे चेहरे आणि पानाफुलांची नक्षी बारकाईने पाहा. घडवणारे हात इथलेच होते, ते उघड दिसते.

मग समोर संत ऑगस्टीनचे अवशेष. एकच मनोरा उरला आहे, ४६ मीटर उंच, तोही अर्धा. चर्च १६०२ मध्ये पुरे झाले, १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आधी मधोमध जा आणि जमिनीवरच्या थडग्यांचे दगड पाहा. नंतर बाजूच्या वेद्यांपाशी भिंतींवर उरलेल्या रंगीत फरशा शोधा. सकाळी कॅथेड्रल अखंड पाहिले असल्यामुळे इथे कुठे वेदी होती, कुठे बाजूची प्रार्थनामंदिरे, हे ओळखता येते. म्हणून हे अवशेष कॅथेड्रलच्या नंतरच पाहायचे. उलट केले तर नुसत्या पडक्या भिंती दिसतात. इथली मोठी घंटा आता पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये आहे, उद्या पणजीत असाल तर तिला पाहा. जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेषही इथल्या उत्खननात सापडले आणि २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला सुपूर्द केले.

> सावध: भिंतींवर चढू नका. वरचे चिरे सैल आहेत. पावसाळ्यात मनोऱ्याच्या अगदी पायथ्याशी उभे राहू नका.

शेवटी रोझरीचे चर्च, टेकडीच्या नदीकडच्या कडेला. गोल बुरूजांमुळे ते किल्ल्यासारखे दिसते. दगडात पिळलेल्या दोरखंडाची नक्षी शोधा. आतून बंद असण्याची शक्यता धरून चला. उघडे असेल तर पोर्तुगीज गव्हर्नर गार्सिया द सा याची पत्नी कातारिना आ पिरो हिची नक्षीदार समाधी पाहा, तिच्यावरचे काम गुजराती धाटणीचे आहे. समोर मांडवी आणि पलीकडे दिवाडी बेट.

## वेळ कमी असेल तर

अर्धाच दिवस हाती असेल तर कायतान, कॅथरीनचे मंदिर आणि रोझरी सोडा. कॅथेड्रलचा दीड तास कापू नका. कॅथेड्रल, संग्रहालयातली शिल्पे, बॉम जेझू, आणि वेळ उरला तर ऑगस्टीन, हा क्रम ठेवा. मंगेशी त्याच दिवशी करायचेच असेल तर सकाळी जुने गोवे आणि तिसऱ्या प्रहरी मंगेशी असे उलटे करा. देवळात संध्याकाळची आरतीही मिळेल आणि कॅथेड्रलवरचे सकाळचे ऊनही.

लहान मुले बरोबर असतील तर टप्पा २ आणि टप्पा ६ ठेवा, संग्रहालय निम्मे करा. मुलांना चित्रांपेक्षा विहीर, कमान आणि पडका मनोरा लक्षात राहतात.

## परतताना

अंधार पडण्याआधी टेकडी उतरा. रोझरीकडचा रस्ता संध्याकाळी सुनसान होतो आणि तिथे रिक्षा मिळत नाही. खाली गांधी सर्कलपर्यंत चालत या. पणजीच्या बस संध्याकाळी मिळतात, पण रात्र होत जाईल तशा विरळ होतात, त्यामुळे सातच्या आत बस धरा. करमळीहून रात्रीची गाडी असेल तर रिक्षावाल्याशी दुपारीच बोलून वेळ ठरवून ठेवा.